गर्भाशयाचं अस्तर एरवी नकारच देतं

"भ्रूण चिकटलं नाही." आयव्हीएफच्या निकालाच्या दिवशी हे तीन शब्द ऐकून घरी गेलेली जोडपी पुढे कित्येक दिवस एकच गोष्ट शोधत राहतात: चिकटायला काय कमी पडलं? जिना चढले म्हणून का, खोकला आला म्हणून का, पपई खाल्ली म्हणून का? त्यात नेटवर 'भ्रूणाचा गोंद' असल्या नावाची उत्पादनं दिसली की वाटतं, तेवढं वापरलं असतं तर जमलं असतं. चिकटताना नेमकं काय घडतं हे कळलं तर यातली बरीच टोचणी कमी होईल आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही बदलतील. म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी एक मूलभूत गोष्ट. निरोगी गर्भाशयाचं अस्तर महिन्यातले बहुतेक दिवस भ्रूणाला चिकटूच देत नाही, आणि ते तसंच असायला हवं. शरीरातल्या कुठल्याही पोकळीचं अस्तर पाहा. त्यातली प्रत्येक पेशी शेजारच्या पेशीला बाजूने घट्ट धरते, पायाशी असलेल्या पातळ पटलालाही धरते, पण तिचा वरचा माथा मोकळा ठेवते. आतड्याच्या समोरासमोरच्या भिंती एकमेकींना चिकटत नाहीत त्या यामुळेच. गंमत अशी की भ्रूणाचं बाहेरचं आवरणही अशाच अस्तरपेशींचं असतं. म्हणजे रोपणाच्या (भ्रूण अस्तराला चिकटून आत रुजण्याच्या) वेळी, न चिकटण्यासाठीच बनलेले दोन माथे एकमेकांसमोर येतात आणि त्यांना चिकटायचं असतं. हे जमतं ते काही दिवसांपुरतं, ठरावीक क्रमाने पुढे येणाऱ्या रेणूंमुळे. त्यातला कुठलाही एक रेणू म्हणजे गोंद नव्हे. आमच्या मते या विषयात लक्षात ठेवावी अशी सगळ्यात मोठी गोष्ट हीच, आणि बाजारातल्या बहुतेक महागड्या चाचण्या तिच्याकडेच काणाडोळा करतात.

आता वेळापत्रक. नैसर्गिकपणे बीजांड फलित होतं ते बीजवाहिनीत, म्हणजे फॅलोपियन ट्यूबमध्ये. तेव्हा त्याचा व्यास असतो मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. दुसऱ्या दिवशी ४ पेशी, तिसऱ्या दिवशी ८, चौथ्या दिवशी मोरूला म्हणजे पेशींचा घट्ट गोळा, पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट. गर्भाशयात ते उतरतं तिसऱ्या-चौथ्या दिवशी. सहाव्या-सातव्या दिवशी चिकटायला लागतं, आणि दहाव्या ते बाराव्या दिवसापर्यंत संपूर्ण भ्रूण अस्तराच्या आत गेलेलं असतं, वरून अस्तर मिटलेलं असतं.

चिकटण्याची पहिली परीक्षा मात्र गर्भाशयाशी नसते, भ्रूणाच्या स्वतःच्या पेशींमध्येच असते. तिसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर आठही पेशी वेगवेगळ्या मोजता येतात. चौथ्या दिवशी त्या एकमेकींवर अशा दाबल्या जातात की त्यांच्यामधल्या रेषाच दिसेनाशा होतात. याला कॉम्पॅक्शन म्हणतात आणि ते घडवतं ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन. या प्रथिनाचे पाच भाग पेशीबाहेर असतात. त्या भागांच्या सांध्यांमध्ये कॅल्शियम बसलं की ते ताठ होतात आणि शेजारच्या पेशीवरच्या तसल्याच प्रथिनाला धरतात. कॅल्शियम काढून घेतलं की पकड सुटते. हे फक्त पुस्तकातलं ज्ञान नाही. तिसऱ्या दिवशीच्या भ्रूणातून तपासणीसाठी एक पेशी काढायची असेल, तर प्रयोगशाळेत ते भ्रूण आधी थोडा वेळ कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नसलेल्या द्रवात ठेवतात. पेशी सैल होतात आणि हवी ती न फाटता बाहेर येते. कॅडहेरिन हे नाव दिलं जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी, आणि तेही या कॅल्शियमवरच्या अवलंबनावरून. ज्या उंदरांत ई-कॅडहेरिनचं जनुक काढून टाकलं, त्यांच्या भ्रूणात बाहेरचा अखंड थरच बनत नाही आणि रोपणापर्यंत गोष्ट जातच नाही.

हा बाहेरचा थर म्हणजे ट्रोफेक्टोडर्म. यातूनच पुढे वार तयार होते. आतला छोटा गोळा म्हणजे पुढचं बाळ. पाचव्या दिवशी सगळ्या मिळून साधारण ६० पेशी असतात, सातव्या दिवशी सव्वाशेच्या आसपास. आयव्हीएफच्या अहवालात '४एए' किंवा '५बीबी' असं लिहिलेलं असतं. त्यातला आकडा ब्लास्टोसिस्ट किती फुगलंय आणि आवरणातून किती बाहेर आलंय ते सांगतो, पहिलं अक्षर आतल्या गोळ्याचा दर्जा आणि दुसरं अक्षर या बाहेरच्या थराचा. चिकटायचं काम दुसऱ्या अक्षराचं आहे.

भ्रूणाभोवती झोना नावाचं एक जाड पारदर्शक कवच असतं. ट्यूबमधून जाताना भ्रूण वाटेतच कुठे चिकटू नये याची काळजी बऱ्याच अंशी तेच घेतं. सहाव्या दिवसाच्या सुमाराला ब्लास्टोसिस्ट आतून दाब देऊन आणि कवच विरघळवून बाहेर पडतं. या हॅचिंगनंतरच त्याच्या पेशींचे माथे पहिल्यांदा उघडे होतात. लेझरने झोनाला भोक पाडून ही पायरी सोपी करून देण्याची सोय बहुतेक केंद्रांवर असते, पण सगळ्यांनाच सरसकट ती करावी असं म्हणण्याइतका पुरावा नाही.

आता अस्तराकडे वळू. बीजांड फुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि त्याच्या प्रभावाखाली पाच-सहा दिवसांत अस्तराचा पृष्ठभाग बदलतो. २८ दिवसांचं चक्र धरलं तर साधारण २० ते २४ वा दिवस या काळात ते भ्रूण स्वीकारायला तयार असतं. यालाच रोपणाची खिडकी म्हणतात. त्याआधी भ्रूण आलं तर अस्तर तयार नसतं, नंतर आलं तर ते पुढे निघून गेलेलं असतं.

या खिडकीतही एक मोठा अडथळा असतोच. अस्तराच्या पेशींच्या माथ्यावर म्युक-१ नावाच्या, साखरेने लगडलेल्या लांबलचक प्रथिनांचं दाट रान असतं. हे रेणू पेशीपासून २०० ते ५०० नॅनोमीटर बाहेर येतात. चिकटवणारे रेणू त्यामानाने अगदी बुटके, इंटिग्रिन ताठ उभं राहिलं तरी २० नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे म्युक-१ बाजूला झाल्याशिवाय बाकीच्यांचा एकमेकांना स्पर्शच होणार नाही. उंदरांत प्रश्न सोपा आहे, रोपणाच्या वेळी तिथं म्युक-१ आपोआप कमी होतं. माणसात उलट आहे. प्रोजेस्टेरॉनमुळे ते खिडकीच्या काळात वाढतं! मग भ्रूण चिकटतं कसं? स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं की मानवी भ्रूण ज्या जागी अस्तराच्या पेशींना चिकटतं, नेमकं तिथलंच म्युक-१ नाहीसं होतं, आजूबाजूचं तसंच राहतं. पेशीच्या पृष्ठभागावरचे काही विकर (एन्झाइम) ही प्रथिनं कापून टाकतात. थोडक्यात, अस्तर आपला नकार संपूर्णपणे मागे घेत नाही. भ्रूणाला आपल्यापुरती जागा स्वतः मोकळी करून घ्यावी लागते. ज्या भ्रूणाला हे जमत नाही ते तिथंच थांबतं. आम्हाला ही व्यवस्था फार विचार करायला लावणारी वाटते, कारण पुढे नऊ महिने टिकू न शकणारी कितीतरी भ्रूणं कदाचित याच टप्प्यावर गळत असावीत.

पहिला स्पर्श

गर्भाशयाच्या पोकळीत द्रव अगदी थोडा असतो आणि समोरासमोरच्या भिंती जवळजवळ टेकलेल्या असतात. तरी भ्रूण सुटंच असतं आणि गर्भाशयाचे स्नायू हळूहळू लाटा उठवत असतात. या हलत्या अवस्थेत पहिली पकड कोण घेतं?

उत्तर सापडलं रक्ताच्या अभ्यासातून. जंतुसंसर्ग झालेल्या जागी पोचण्यासाठी पांढऱ्या पेशींना वेगाने वाहणाऱ्या रक्तात थांबावं लागतं. त्यांच्या पृष्ठभागावर एल-सिलेक्टिन असतं. ते रक्तवाहिनीच्या भिंतीवरच्या विशिष्ट शर्करांना पकडतं. एक बंध सेकंदाचा अंशभरच टिकतो, पण एक तुटेपर्यंत दुसरा लागलेला असतो. त्यामुळे पेशी घरंगळत घरंगळत मंदावते आणि शेवटी थांबते. रानातून चालताना कपड्यांना लागणाऱ्या कुसळांसारखं हे आहे: एक कुसळ सहज निघतं, पण शे-दीडशे लागली की पायजमा झाडीतून सोडवत बसावं लागतं.

जानेवारी २००३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतल्या ओल्गा जेनबाचेव, सुसान फिशर आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखवलं की हेच तंत्र भ्रूणही वापरतं. हॅचिंग झालेल्या मानवी भ्रूणावर त्यांना एल-सिलेक्टिन सापडलं. अस्तराच्या पृष्ठभागावर त्याला जुळणाऱ्या शर्करा खिडकीच्या काळात वाढलेल्या दिसल्या. मग त्यांनी शर्करा लावलेले सूक्ष्म मणी वाहत्या द्रवातून वारेच्या ट्रोफोब्लास्ट (भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून पुढे बनणाऱ्या) पेशींवर सोडले. मणी धरले गेले. ट्रोफोब्लास्ट पेशी खिडकीच्या काळातल्या अस्तराच्या कापांवर सोडल्या तर त्याही चिकटल्या, आणि एल-सिलेक्टिनला झाकणारी प्रतिपिंडं आधी घातली तर चिकटणं घटलं. इतका सरळ पुरावा या क्षेत्रात क्वचितच मिळतो.

पण याच्या शेजारी दुसरी गोष्टही ठेवायला हवी. एल-सिलेक्टिनचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांना पिल्लं होतात. उंदरांचं आणि माणसांचं रोपण वेगळं आहे हे खरं, तरी एक रेणू गेला म्हणून सगळं थांबतं असा निष्कर्ष काढता येत नाही.

भ्रूण कुठल्या बाजूने टेकतं हेही ठरलेलं असतं. माणसात आतल्या गोळ्याजवळची बाजू आधी चिकटते, उंदरात बरोबर उलटी. व्हिएन्नातल्या निकोलास रिव्हरॉन यांच्या गटाने मूलपेशींपासून ब्लास्टोसिस्टसारखे गोळे बनवले, त्यांना ब्लास्टॉइड म्हणतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या अस्तराच्या थरावर ते सोडले. त्या थराला संप्रेरकं देऊन तयार केलं असेल तरच ब्लास्टॉइड चिकटले, आणि तेही गोळ्याकडच्या बाजूनेच. हे काम 'नेचर'मध्ये २०२१ च्या डिसेंबरात आलं. तयार नसलेलं अस्तर खरोखरच नकार देतं, याचं इतकं स्वच्छ चित्र त्याआधी बघायला मिळालं नव्हतं.

घट्ट पकड

सिलेक्टिनची पकड तात्पुरती. टिकाऊ पकड घेतात ती इंटिग्रिनं. प्रत्येक इंटिग्रिन अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांची जोडी असते. माणसात १८ प्रकारच्या अल्फा आणि ८ प्रकारच्या बीटा साखळ्या आहेत, आणि त्यांच्या २४ जोड्या माहीत आहेत. विश्रांतीत हा रेणू कमरेत वाकलेला असतो. पेशीच्या आतून टॅलिन नावाचं प्रथिन त्याच्या शेपटीला लागलं की तो ताठ उभा राहतो आणि मग बाहेरच्या रेणूला धरतो. बाहेर पकड बसली की आतल्या सांगाड्याशी जोड होतो आणि पेशीला संदेशही जातो. म्हणजे इंटिग्रिन नुसतं असून भागत नाही, ते जागं असावं लागतं. बायोप्सीच्या कापावर रंग देऊन ते आहे की नाही एवढंच कळतं, जागं आहे का हे सहसा कळत नाही.

अमेरिकेतल्या ब्रूस लेसी यांनी १९९२ मध्ये पाळीच्या चक्रात अस्तरावरची इंटिग्रिनं कशी बदलतात याचा तक्ता मांडला. अल्फा१-बीटा१ बीजांड फुटल्यानंतर दिसू लागतं. अल्फा४-बीटा१ साधारण चौदाव्या दिवसापासून चोविसाव्यापर्यंत असतं आणि मग मावळतं. अल्फाव्ही-बीटा३ विसाव्या दिवसाच्या सुमाराला एकदम उगवतं. तिन्ही एकत्र असतात ते फक्त २० ते २४ या दिवसांत. खिडकी उघडण्याची आणि मिटण्याची खूण अशी दोन वेगवेगळ्या रेणूंच्या येण्या-जाण्याने मिळाली.

यातलं अल्फाव्ही-बीटा३ सर्वाधिक अभ्यासलं गेलंय. ते आर्जिनिन, ग्लायसिन आणि अॅस्पार्टिक आम्ल अशा तीन अमिनो आम्लांच्या ओळीला धरतं. ही ओळ ऑस्टिओपॉन्टिन, फायब्रोनेक्टिन, व्हिट्रोनेक्टिन अशा कित्येक प्रथिनांत असते. ऑस्टिओपॉन्टिन अस्तराच्या ग्रंथी प्रोजेस्टेरॉनच्या सांगण्यावरून पाझरवतात. इंटिग्रिन अस्तरावरही असतं आणि भ्रूणावरही, त्यामुळे मधलं ऑस्टिओपॉन्टिन दोघांना जोडणारा दुवा ठरत असावं. बीटा-३ साखळी किती बनायची हे ठरवणाऱ्यांत होक्स-ए१० हे जनुक महत्त्वाचं. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत या जनुकावर चांगलं काम झालंय. प्रोजेस्टेरॉन आणि भ्रूणाकडून येणारे संकेत त्याची पातळी कशी बदलतात हे तिथं माकडांच्या अस्तरावर तपासलं गेलं.

ट्यूबमध्ये पाणी साचलेलं असणं म्हणजे हायड्रोसाल्पिंक्स, किंवा एन्डोमेट्रिऑसिस, म्हणजे अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणं, अशा काही स्थितींत अल्फाव्ही-बीटा३ कमी सापडल्याचे अहवाल आहेत. त्यावरून त्याची चाचणी विकायलाही आली. आमचं मत स्पष्ट आहे: एका चक्रातल्या बायोप्सीत हा रेणू दिसला नाही म्हणून गर्भ राहणारच नाही असं ठरत नाही. बायोप्सी एक-दोन दिवस आधी घेतली तरी तो 'गायब' दिसेल. आणि बीटा-३ पूर्ण नसलेल्या उंदरांनाही पिल्लं होतात. उलट बीटा-१ नसलेली उंदरांची भ्रूणं रोपणाच्या सुमारालाच मरतात. ज्या जोडीवर सगळ्यांचं लक्ष, तिच्यावाचून निभावतं, आणि जिची जाहिरात कोणी करत नाही तिच्यावाचून नाही.

आत शिरणं

चिकटल्यावर बाहेरच्या थरातल्या काही पेशी एकमेकींत मिसळून एकसंध जिवंत पटल बनतं, मधल्या भिंतीच नाहीत असं. या पेशी जोडणारं सिन्सिटिन हे प्रथिन फार जुन्या काळी आपल्या पूर्वजांच्या जनुकांत शिरलेल्या विषाणूकडून आलेलं आहे. हे पटल अस्तराच्या दोन पेशींमधून वाट काढतं. तळाचं पटल चौथ्या प्रकारच्या कोलॅजनचं आणि लॅमिनिनचं असतं. ते विरघळवायला एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही विकरं सोडली जातात आणि अस्तर त्यांना आवरणारी प्रथिनं सोडतं. ही ओढाताण गरजेची आहे. जुन्या सिझेरियनच्या व्रणावर अस्तरच नीट नसेल तर वार स्नायूत घुसते आणि बाळंतपणात जिवावर बेतणारा रक्तस्राव होऊ शकतो.

या टप्प्यावर ट्रोफोब्लास्ट आपली इंटिग्रिनं बदलतो. मूळ जागेवर अल्फा६-बीटा४, निघाल्यावर अल्फा५-बीटा१, खोल गेल्यावर अल्फा१-बीटा१. ई-कॅडहेरिन कमी करून तो रक्तवाहिनीच्या पेशींसारखे रेणू अंगावर घेतो आणि आईच्या धमन्यांच्या भिंती बदलून त्या रुंद करतो. ज्यांना गरोदरपणात प्रीएक्लॅम्पसिया होतो, म्हणजे विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब वाढतो आणि बऱ्याचदा लघवीतून प्रथिनं जातात, त्यांच्या वारेत ही अदलाबदल अर्धवट राहिलेली फिशर यांच्याच गटाला १९९० च्या दशकात दिसली होती. धमन्या अरुंद राहतात, बाळाला रक्त कमी पडतं. सातव्या-आठव्या महिन्यात उमटणाऱ्या त्रासाचं मूळ इतकं मागे असू शकतं.

हे सगळं पाहिलं कुणी, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. स्त्रीच्या पोटात नुकतंच चिकटत असलेलं भ्रूण आजवर कुणी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. सगळ्यात जवळ गेले ते बोस्टनचे आर्थर हर्टिग आणि जॉन रॉक. १९३८ पासून पुढे दीडेक दशक त्यांनी गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेला आलेल्या २०० हून अधिक स्त्रियांच्या गर्भाशयांत शोध घेतला आणि ३४ भ्रूणं मिळवली. सर्वांत मोठं १७ दिवसांचं. आजच्या नीतिनियमांत असं काम करताच येणार नाही, पण पाठ्यपुस्तकांतली चित्रं अजूनही त्याच भ्रूणांवरून काढलेली असतात. २०२५ मध्ये बार्सिलोनातल्या सॅम्युएल ओहोस्नेग्रोस यांच्या गटाने कोलॅजनच्या थरात मानवी भ्रूण शिरताना चित्रित केलं आणि ते भोवतालचे तंतू किती जोराने खेचतं ते मोजलं. उंदराचं भ्रूण पृष्ठभागावर पसरतं, माणसाचं तंतू आत ओढत खोल जातं. पकड नसेल तर ओढता येणार नाही, हे त्यातून डोळ्यांना दिसतं.

दवाखान्यात याचा अर्थ काय

गोठवलेलं भ्रूण सोडण्याच्या चक्रात चिकटवणाऱ्या रेणूंचं सगळं वेळापत्रक एका घड्याळावर चालतं: प्रोजेस्टेरॉनची पहिली मात्रा. नेहमीची पद्धत अशी. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून इस्ट्रॅडिऑल व्हॅलरेट हे इस्ट्रोजेनचं औषध, बहुतेकदा दिवसाला ६ मिलिग्रॅम, दोन किंवा तीन वेळांत विभागून. १० ते १४ दिवसांनी सोनोग्राफी. अस्तर ७ मिलिमीटर किंवा अधिक आणि तीन रेषांचं दिसलं की प्रोजेस्टेरॉन सुरू. पाचव्या दिवसाचं ब्लास्टोसिस्ट असेल तर प्रोजेस्टेरॉनचे पाच दिवस पूर्ण झाल्यावर ट्रान्सफर (भ्रूण गर्भाशयात सोडणं), तिसऱ्या दिवसाचं भ्रूण असेल तर तीन दिवसांनी. पहिली मात्रा कुठल्या तारखेला, किती वाजता घेतली हे लिहून ठेवा आणि ट्रान्सफरच्या आधी नर्सला दाखवा. एक दिवस इकडचा तिकडे झाला तर भ्रूण आणि अस्तर यांची गाठच चुकते. योनीमार्गात ठेवायच्या गोळ्या चुकवणं किंवा तोंडी घेणं ही नेहमी होणारी चूक आहे. शंका आली तर त्याच दिवशी फोन करा, लपवू नका.

ताज्या चक्रात, म्हणजे भ्रूण न गोठवता त्याच चक्रात सोडताना, वेगळा धोका असतो. बीजांड पिकवण्याच्या इंजेक्शनांमुळे काढायच्या आधीच प्रोजेस्टेरॉन चढलं तर खिडकी लवकर उघडते आणि लवकर मिटते. ट्रिगरच्या, म्हणजे बीजांड पूर्ण पिकवणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनच्या, दिवशी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन मिलिलिटरला दीड नॅनोग्रॅमच्या वर गेलं तर बरेच डॉक्टर सगळी भ्रूणं गोठवून पुढच्या चक्रात सोडायचा सल्ला देतात. पैसे आणि वेळ वाढतो म्हणून वाईट वाटतं, पण हा सल्ला साधार आहे.

हायड्रोसाल्पिंक्स असेल तर ती ट्यूब आयव्हीएफच्या आधी काढणं किंवा बंद करणं फायद्याचं ठरतं, कारण साचलेलं पाणी गर्भाशयात झिरपतं. आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरता कामा नये: जननेंद्रियांचा क्षय. तो अस्तराचा तळच खराब करतो, पोकळीत जाळी धरते, आणि मग चिकटवणारे रेणू उगवायला पेशीच धड उरत नाहीत. पाळी अगदी कमी झाली असेल आणि अस्तर ७ मिलिमीटरच्या खालीच राहत असेल तर हिस्टेरोस्कोपी करून पोकळी प्रत्यक्ष पाहणं कुठल्याही रेणूच्या चाचणीपेक्षा जास्त कामाचं.

आता अधिकच्या उपायांविषयी. अस्तराला मुद्दाम ओरखडा काढायचा प्रकार फार चालला होता. २०१९ मध्ये १,३६४ स्त्रियांवरचा अभ्यास आला: ओरखडा काढलेल्या गटात आणि न काढलेल्या गटात, दोन्हीकडे बाळ होण्याचं प्रमाण २६.१ टक्के. जनुकांवरून खिडकीची वेळ ठरवणारी इरा चाचणी २०२२ मध्ये ७६७ जणींवर तपासली गेली. चाचणीनुसार वेळ बदललेल्यांत ५८.५ टक्के, नेहमीच्या वेळी सोडलेल्यांत ६१.९ टक्के. लिफ हा रेणू नसलेल्या उंदरांत रोपण होतच नाही, म्हणून वारंवार अपयश आलेल्या स्त्रियांना तो टोचून पाहिला. २००९ चा निष्कर्ष: उपयोग नाही. एक रेणू उचलून बाहेरून द्यायचा, या कल्पनेला मिळालेलं हे उत्तर आहे.

हायलुरोनन घातलेला ट्रान्सफरचा द्रव, ज्याला 'गोंद' म्हणून विकतात, त्याची गोष्ट थोडी बरी आहे. भ्रूणावर आणि अस्तरावर दोन्हीकडे सीडी-४४ हा हायलुरोननला धरणारा रेणू असतो, शिवाय द्रव दाट असल्याने भ्रूण कमी हलतं. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात त्याचा बाळ होण्याच्या प्रमाणावर माफक फायदा दिसला. डॉक्टरांनी सुचवला आणि खर्च झेपत असेल तर घ्यायला हरकत नाही, पण नाही घेतला म्हणून बिघडलं असं समजू नये.

आणि मुळात भ्रूणच सदोष असणं हे अपयशाचं सर्वांत मोठं कारण. गुणसूत्रं तपासून योग्य ठरलेली भ्रूणं एकेक करून तीनदा सोडली तर सुमारे ९५ टक्के स्त्रियांत रोपण होतं, असं २०२१ मध्ये ४,४२९ स्त्रियांच्या नोंदींवरून दिसलं. त्या सगळ्या निरोगी गर्भाशयाच्या होत्या हे खरं, तरी यातून एवढं नक्की कळतं की अस्तरच कायमचं नकार देतंय अशी स्थिती विरळा असते. पहिल्या अपयशानंतर लगेच अस्तराच्या चाचण्यांची यादी हातात आली तर भ्रूणांच्या दर्जाबद्दल आधी विचारा.

जिना, खोकला, शिंक, प्रवास, स्वयंपाक यांनी भ्रूण पडत नाही. टेकलेल्या दोन भिंतींमध्ये अडकलेला तो मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा कण आहे. ट्रान्सफरनंतर झोपून राहण्याचा फायदा अभ्यासांत दिसलेला नाही, काहींत तोटाच दिसला. हेच शब्द सासूबाईंना आणि शेजारणींनाही सांगा.

शेवटी गर्भधारणेच्या टेस्टविषयी. या टेस्टमध्ये शोधतात ते एचसीजी हे संप्रेरक बनवतं ते मुख्यतः वर सांगितलेलं एकसंध पटल, म्हणजे रोपण सुरू झाल्याशिवाय ते आईच्या रक्तात येऊच शकत नाही. १९९९ मध्ये विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी नैसर्गिकपणे गर्भ राहिलेल्या स्त्रियांची रोजची लघवी तपासली. टिकलेल्या गर्भधारणांपैकी ८४ टक्क्यांत एचसीजी बीजांड फुटल्यापासून आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. नवव्या दिवसापर्यंत रोपण झालेल्यांत लवकर गर्भ पडण्याचं प्रमाण १३ टक्के होतं, दहाव्या दिवशी २६, अकराव्या दिवशी ५२ आणि त्यानंतर ८२. ब्लास्टोसिस्ट ट्रान्सफरचा दिवस म्हणजे या हिशेबात पाचवा दिवस. म्हणून ट्रान्सफरनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी केलेल्या टेस्टमध्ये एकच रेष आली तर त्याला काहीच अर्थ नाही. ताज्या चक्रात ट्रिगर म्हणून ५,००० किंवा १०,००० युनिट एचसीजी टोचलेलं असेल तर त्याचाच अंश शरीरात राहून उलट खोट्या दोन रेषा दिसू शकतात. रक्तातली बीटा-एचसीजी तुमच्या केंद्राने दिलेल्या तारखेलाच करा, बहुतेक ठिकाणी ती ट्रान्सफरनंतर ९ ते १४ दिवसांच्या मध्ये असते, आणि आकडा आला की ४८ तासांनी पुन्हा मोजून तो किती वाढला ते पाहा. निकाल येईपर्यंत प्रोजेस्टेरॉन मनाने थांबवू नका. थोडं रक्त दिसलं तरी नाही.